घटक ५ : पाळकाचे घर आणि त्या घरातील स्त्री – लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन व निष्ठा

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यावर तुम्हांला :
• प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत पाळकाच्या पत्नीचे स्थान काय असते, ते सांगता येईल.
• लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे कालक्रमाने मांडता येतील.
• पतिनिष्ठा, ईश्वरनिष्ठा आणि लोकसेवा यांत भेद करून लक्ष्मीबाईंच्या निष्ठेचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• ‘स्मृतिचित्रे’च्या भाषेची काही वैशिष्ट्ये ओळखता येतील.

५.२ प्रास्ताविक

प्रथम एका प्रत्ययाचा विचार करू. पाटलाची बायको ती पाटलीण, वकिलाची बायको ती वकिलीण, गुरवाची बायको ती गुरवीण. नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही गावात हे शब्द आजही सहज कानी पडतात. ‘-ईण’ हा प्रत्यय लागला की पुरुषाच्या पदाचे किंवा व्यवसायाचे नाव त्याच्या पत्नीलाही मिळते. पण सर्व शब्दांत प्रत्ययाचे काम सारखे नसते. माळीण शेतात राबते, कुंभारीण माती मळते. तेथे नावाबरोबर कामही आलेले असते. पाटलीण मात्र वतनाचा कारभार पाहत नाही. तिला मान मिळतो, अधिकार मिळत नाही. ‘मास्तरीण’ या शब्दाचा अर्थ तर आपल्या डोळ्यांदेखत बदलला. पूर्वी तो मास्तरांच्या बायकोसाठी वापरला जाई. आज तो प्रामुख्याने शिकवणाऱ्या स्त्रीसाठी वापरला जातो.

याच चालीवर ‘पाळक’ या शब्दापासून ‘पाळकीण’ हा शब्द घडतो. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मोपदेशक. पाळकाला दीक्षा असते, पद असते, वेतन असते. त्याच्या पत्नीला यांपैकी काहीच नसते. तरीही मंडळीतील आजारी माणूस, निराधार मूल, दूरचा पाहुणा हे सारे पाळकाच्या दारात येतात आणि ते दार बहुधा तीच उघडते. पद नसलेल्या या कामाची नोंद कोठे होते? मंडळीच्या दप्तरात ती क्वचितच सापडते. मराठीत मात्र अशा एका स्त्रीने आपली नोंद स्वतःच करून ठेवली. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक आणि त्या नोंदीचे नाव ‘स्मृतिचित्रे’.

हा ग्रंथ तुमच्यापैकी अनेकांनी शालेय पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांतून ओळखला असेल. ते उतारे विनोदी असल्यामुळे लक्ष्मीबाई म्हणजे एक हसतमुख, भाबडी गृहिणी अशी समजूत होते. या घटकात आपण ती समजूत तपासून पाहणार आहोत.

५.३ पार्श्वभूमी : मंडळी, पाळक आणि पाळकाचे घर

रोमन कॅथलिक परंपरेत धर्मगुरू अविवाहित असतो. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेची चळवळ झाली, तेव्हा प्रॉटेस्टंट पंथांनी धर्मोपदेशकाला विवाहाची मोकळीक दिली. मार्टिन लूथर यांनी १५२५ मध्ये काटारीना फॉन बोरा या पूर्वीच्या जोगिणीशी विवाह केला. तेव्हापासून प्रॉटेस्टंट समाजात ‘पाळकाचे घर’ ही एक संस्थाच निर्माण झाली. पाळकाने उपदेश करावा आणि त्याच्या घराने तो जगून दाखवावा, अशी अपेक्षा रूढ झाली. या अपेक्षेचे ओझे साहजिकच घरातील स्त्रीवर अधिक पडले.

प्रॉटेस्टंटांत अनेक शाखा आहेत. त्यांपैकी प्रेसबिटेरियन शाखेत मंडळीचा कारभार निवडलेल्या वडीलजनांकडे असतो. काँग्रिगेशनल शाखेत प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते. मराठी प्रदेशात या दोन्ही शाखांनी काम केले. प्रेसबिटेरियन परंपरेचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मराठवाड्यातच घडला. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने जालना परिसरात काम केले. सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारली.

लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाळक होते. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले. १८१३ मध्ये मुंबईत त्याचे काम सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. पुढे १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे एकीकरण झाले आणि १९७० मध्ये त्यांतूनच उत्तर भारतातील संयुक्त मंडळी आकाराला आली. म्हणून कारभाराच्या पद्धती भिन्न असल्या, तरी पाळकाच्या घराचे रूप दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. लक्ष्मीबाईंचे उदाहरण त्यामुळे एका शाखेपुरते मर्यादित राहत नाही.

५.४ जलालपूरची मनू

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. नांदेडच्या घाटाला लागणारी गोदावरी तेथून खाली वाहत येते. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले, घरी सारे मनू म्हणत. १८५७च्या उठावाची झळ या कुटुंबाला थेट लागली होती. मनूच्या आईच्या वडिलांना त्या प्रकरणात फाशी झाली. या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांचे सोवळे विकोपाला गेले. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे, आणि ज्या वस्तू धुणे म्हणजे त्यांचा नाश करणे, त्याही यातून सुटत नसत.

हा तपशील ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच येतो. वाचक हसतो आणि पुढे जातो. तुम्ही मात्र तो लक्षात ठेवा. विटाळाच्या भीतीने ग्रासलेल्या घरात जी मुलगी वाढली, तिला पुढे याच भीतीशी सामना करावा लागला. तिच्या जीवनाची मध्यवर्ती लढाई देवाच्या नावासाठी झाली नाही. ती पाण्याच्या तांब्यावर आणि अन्नाच्या ताटावर झाली.

अकराव्या वर्षाच्या सुमारास मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. कवी, कीर्तनाची आवड असलेले, संस्कृतचे जाणकार, विलक्षण बुद्धिमान, तितकेच तापट आणि व्यवहारशून्य, असे हे गृहस्थ होते. एका गावी फार दिवस त्यांचे मन रमत नसे. संसाराचे पैसे हाती पडले की ते पुस्तकांत किंवा गरजूंच्या हातांत जात. पत्नीला शिकवण्याची हौस त्यांना होती, चिकाटी मात्र नव्हती. लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या, तरी जोडाक्षरे लिहिणे त्यांना दीर्घकाळ जड गेले. मराठीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राची लेखिका अशा तुटपुंज्या अक्षरओळखीवर उभी होती, हे विसरू नये.

५.५ वियोगाची वर्षे

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने जात होते. त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ हा ग्रंथ दिला. पुढील दोन वर्षांच्या वाचनानंतर आणि आंतरिक संघर्षानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पदरी तेव्हा १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू हा मुलगा होता. पतीचे धर्मांतर म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने जिवंतपणीचे वैधव्य. कुंकू पुसायचे नाही आणि संसारही करायचा नाही, अशी ती अवस्था होती.

येथे कायद्याची एक बाजू समजून घ्या. धर्मांतरित व्यक्तीच्या विवाहविच्छेदासंबंधी १८६६ मध्ये एक कायदा झाला होता. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तिचा जोडीदार केवळ धर्मांतराच्या कारणाने सोडून गेला, तर न्यायालयामार्फत विवाहबंधन तोडण्याचा मार्ग त्यात होता. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने नाशिक-पंढरपूर भागात राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, रागावल्या. पण त्यांनी पतीच्या नावाने पाणी सोडले नाही आणि त्याच्या धर्मापुढे मानही तुकवली नाही. वियोगाची ही वर्षे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. पतीच्या पावलावर पाऊल टाकणे हीच निष्ठा असती, तर लक्ष्मीबाई १८९५ मध्येच ख्रिस्ती झाल्या असत्या.

अखेर त्या टिळकांकडे अहमदनगरला आल्या, त्याही आपल्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली असा हा संसार सुरू झाला. टिळकांनीही या अटी मान्य केल्या, याची नोंद घेणे न्यायाचे ठरेल.

५.६ जात कोणी केली?

लक्ष्मीबाईंचे मतपरिवर्तन कसे झाले? बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचले, तर धर्मांतराचा मार्ग ग्रंथ, वादविवाद आणि सिद्धान्त यांच्यामधून जाताना दिसतो. सुशिक्षित पुरुषाचा तो मार्ग होता. लक्ष्मीबाईंपुढे ग्रंथ नव्हते. त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न होता : याच्या हातचे पाणी चालते, त्याच्या हातचे का चालत नाही?

‘स्मृतिचित्रे’त त्यांनी या विचाराचा प्रसंग साधेपणाने सांगितला आहे. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्या स्वतःलाच विचारतात. प्राणिमात्रांत देवाने भेद केले, ते शरीरावर दिसतात. माणसामाणसांत तसा भेद दिसत नाही. मग ही विभागणी माणसाचीच असली पाहिजे. एवढ्या विचारानंतर निर्णय होतो : यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. हा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात घ्या. प्रथम जात सुटली, मग धर्म बदलला. पतीच्या उपदेशाने जे झाले नाही, ते स्वतःच्या तर्काने झाले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत समजण्यासाठी अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांची सामाजिक घडण लक्षात घ्यावी लागेल. त्यांतील बहुसंख्य सभासद महार आणि मांग समाजांतून आलेले होते. मंडळीत येणे म्हणजे त्यांच्या पंक्तीला बसणे, त्यांच्या मुलांना पोटाशी धरणे, त्यांच्या घरच्या मयतीला जाणे. जलालपूरच्या धुतल्या धान्याच्या घरातून निघालेली स्त्री या पंक्तीपर्यंत पोहोचली, हा प्रवास कोणत्याही तीर्थयात्रेपेक्षा लांबचा होता. ख्रिस्ती समाजातूनही जात पूर्णपणे गेली नव्हती. म्हणूनच उच्चवर्णीय धर्मांतरिताने तेथे कसे वागावे, हा प्रश्न खरा होता. लक्ष्मीबाईंनी त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातून दिले.

५.७ नोंद नसलेले काम

टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते अहमदनगरच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकवत, कविता व भजने लिहीत आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन करीत. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

वाङ्मयेतिहासात हे सारे नोंदवलेले आहे. त्याच वर्षांत त्यांच्या घरात काय चालले होते, ते मात्र ‘स्मृतिचित्रे’च सांगते. दुष्काळाने आणि रोगराईने निराधार झालेली मुले या घरात येत आणि राहत. कोणाचे शिक्षण, कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण, सारे याच घरातून निघे. नगरला प्लेग आला, तेव्हा लक्ष्मीबाईंनीही रुग्णसेवेत भाग घेतला. ज्या रोगाच्या भयाने आप्तही पाठ फिरवत, त्या रोगाच्या माणसांची शुश्रूषा करणे हे भाषणातील प्रेमापेक्षा वेगळे काम होते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, हेही या कुटुंबात राहिले. त्यांना लक्ष्मीबाईंनी मुलासारखे वागवले. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला, तो या घराला पुत्रशोकासारखा वाटला.

आता हिशोबाची बाजू पाहू. पाळकाचे वेतन एकाचे, तोंडे अनेक. त्यातही टिळक दानशूर. परदेशी मिशनच्या पैशावर जगणे भारतीय ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असे त्यांचे मत हळूहळू पक्के झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही सर्व जातिधर्मांच्या लोकांना खुली अशी भक्तमंडळाची कल्पना मांडली. पतीने संन्यासवृत्ती धरली की चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न आपल्या संतचरित्रांतही आहे. तुकारामांच्या पत्नीकडे परंपरेने कजाग स्त्री म्हणून पाहिले. तिची बाजू तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आलीच नाही. लक्ष्मीबाईंची आली. त्या टिळकांच्या औदार्यावर हसतात, त्यांच्या संतापाची उदाहरणे देतात, त्यांच्या विक्षिप्तपणाने झालेली ओढाताण लपवत नाहीत. आणि तरीही हा माणूस मोठा होता, हे वाचकाला शंका राहू नये इतक्या स्पष्टपणे दाखवतात. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगता येणे ही त्यांच्या निष्ठेची खूण आहे. आंधळ्या निष्ठेला फक्त गुण दिसतात.

५.८ टिळकांनंतर

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा संकल्प अपुरा राहिला. सुमारे दहा अध्याय लिहून झाले होते. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये हे काव्य ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

जोडाक्षरांशी झगडणाऱ्या स्त्रीला हे कसे साधले? उत्तराचा एक भाग छंदात आहे. ओवी ही ज्ञानेश्वरांची, तशीच ती जात्यावर बसलेल्या बाईचीही. अक्षरओळख नसलेल्या असंख्य मराठी स्त्रियांना ओवी कानाने येत होती. आपल्या भागातील कोणत्याही वृद्ध स्त्रीला विचारून पाहा. टिळकांनी ख्रिस्तकथेसाठी ओवी निवडली तेव्हा, बहुधा नकळत, त्यांनी ती कथा आपल्या पत्नीच्या हाती देण्याची सोय करून ठेवली होती.

‘स्मृतिचित्रे’ची जन्मकथाही अशीच बोलकी आहे. मुलगा देवदत्त हे वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी साहित्य जमवीत होते. त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. टिळकांच्या चरित्रासाठी म्हणून सुरू झालेले हे लेखन पुढे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ठरले. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ज्यांच्या चरित्राला पूरक म्हणून आठवणी हव्या होत्या, त्या टिळकांना आज बहुसंख्य वाचक याच पुस्तकातून ओळखतात.

५.९ ‘स्मृतिचित्रे’ची भाषा

भाषेच्या अंगाने तीन गोष्टी लक्षात घ्या.

(अ) संबोधन : लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा आडनावाने आणि आदरार्थी बहुवचनात करतात. पतीचे नाव घ्यायचे नाही, हा त्या काळचा संकेत. त्यावर ‘हे’, ‘इकडून’, ‘स्वारी’ असे पर्याय रूढ होते. ‘टिळक’ या उल्लेखाने संकेत मोडत नाही, पण एक अंतर निर्माण होते. त्या अंतरावरून पत्नीला पतीकडे एक व्यक्ती म्हणून पाहता येते. पुस्तकातील विनोद आणि निःपक्षपात यांचे मूळ या एका शब्दात शोधता येईल.

(आ) वाक्यरचना : वाक्ये लहान आहेत, बोलण्याच्या लयीतली आहेत. संवाद भरपूर, भाष्य अत्यल्प. दुःखाच्या प्रसंगी विशेषणे वाढत नाहीत, उलट कमी होतात. त्या काळातील ग्रांथिक गद्याच्या संस्कृतप्रचुर वळणाचा येथे मागमूस नाही. अल्प शिक्षणाची उणीव येथे गुण होऊन आली आहे, असे म्हणता येईल. मात्र केवळ शिक्षण कमी म्हणून असे गद्य कोणालाही लिहिता येत नाही. निवड, क्रम आणि थांबण्याची जागा यांचे भान त्यामागे आहे.

(इ) शब्दसंग्रह : सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये, नातेवाचक शब्द यांनी भरलेली घरगुती मराठी आणि बाप्तिस्मा, शुभवर्तमान, उपासना, मंडळी, पाळक ही ख्रिस्ती मराठी या दोन शब्दकुलांचा संगम या गद्यात आहे. ‘मंडळी’ हा शब्द पाहा. सामान्य मराठीत तो घरातल्या माणसांसाठी येतो आणि जुन्या बोलीत पत्नीसाठीही. ख्रिस्ती मराठीत तो उपासकांच्या समुदायासाठी येतो. लक्ष्मीबाईंच्या घरात हे अर्थ वेगळे करणे कठीण आहे. मंडळीच मंडळीला सांभाळीत होती.

५.१० निष्ठेचे स्वरूप : काही विचार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लक्ष्मीबाईंची निष्ठा कोणावर होती? परीक्षेत ‘पतिपरायण स्त्री’ असे उत्तर लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. या निष्ठेला तीन पदर आहेत.

पहिला पदर पतिनिष्ठेचा. ती प्रेमाची आहे, आज्ञाधारकतेची नाही. वियोगाची वर्षे हा त्याचा पुरावा. दुसरा पदर ईश्वरनिष्ठेचा. ती पतीकडून उसनी घेतलेली नाही. जातीचा प्रश्न स्वतः सोडवून त्या तेथे पोहोचल्या. तिसरा पदर माणसांवरील निष्ठेचा. दारात आलेल्या मुलापासून प्लेगच्या रुग्णापर्यंत तो पसरला आहे. पहिल्या दोन निष्ठांची कसोटी या तिसऱ्या पदरात लागते.

‘स्मृतिचित्रे’ची इंग्रजी भाषांतरे या संदर्भात उद्बोधक आहेत. जोसेफिन इंक्स्टर यांचे भाषांतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘मी मागोमाग येते’ असा होतो. शांता गोखले यांचे भाषांतर २०१७ मध्ये आले. त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाईंना ‘तेजस्वी, बाणेदार पत्नी’ म्हटले आहे. एका नावात अनुसरण आहे, दुसऱ्यात बाणा. पुस्तक तेच आहे, वाचणाऱ्यांचा काळ बदलला आहे. या दोन नावांपैकी तुम्हांला कोणते पटते, याचा विचार करा. दोन्ही अपुरी वाटली, तर तिसरे सुचवा. कारण दोन्ही नावांत ती कोणाची तरी मागे येणारी किंवा कोणाची तरी पत्नीच आहे.

मराठीतील अन्य स्त्री-आत्मचरित्रांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये आले. त्यात पतीविषयीचा पूज्यभाव प्रधान आहे. आनंदीबाई कर्वे यांच्या १९४४ मधील ‘माझे पुराण’मध्ये थोर पुरुषाच्या पत्नीला सोसावा लागणारा व्यवहार रोखठोकपणे येतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात पूज्यभावही आहे आणि रोखठोकपणाही. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे विनोद. हा विनोद कडवटपणा झाकण्यासाठी आलेला नाही. क्षमा करून झाल्यावर जो मोकळेपणा येतो, त्यातून तो आला आहे.

अखेरीस एक सावधगिरीची सूचना. लक्ष्मीबाईंचे कौतुक करताना त्यांना सोसावे लागलेले सारे योग्यच होते, असा निष्कर्ष काढू नये. पाळकाच्या पत्नीच्या श्रमांवर मंडळी उभी राहते आणि त्या श्रमांना नाव राहत नाही, ही वस्तुस्थिती एका स्त्रीने प्रसन्नपणे सांगितली म्हणून न्याय्य ठरत नाही. आज उत्तर भारतातील संयुक्त मंडळीत स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते. ‘मास्तरीण’ या शब्दाचा झाला तसा ‘पाळकीण’ या शब्दाचाही अर्थ बदलू शकतो.

५.११ सारांश

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे जीवन म्हणजे सोवळ्याच्या घरातून सर्वांना खुल्या असलेल्या घरापर्यंतचा प्रवास. पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून प्रथम जातिभेद सोडला आणि नंतर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पाळकाची पत्नी म्हणून त्यांनी केलेल्या कामाला पद किंवा वेतन नव्हते. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी ‘ख्रिस्तायन’चे अपुरे काम पुढे नेले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्या नोंद नसलेल्या कामाला भाषा दिली.

५.१२ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘प्रथम जात सुटली, मग धर्म बदलला’ या विधानाच्या आधारे लक्ष्मीबाईंच्या मतपरिवर्तनाचे विवेचन करा.
२. लक्ष्मीबाईंच्या निष्ठेचे तीन पदर सोदाहरण स्पष्ट करा.
३. ‘टिळक’ या उल्लेखाचे भाषिक व वाङ्मयीन महत्त्व सांगा.
४. टीप लिहा : ‘ख्रिस्तायन’ आणि ओवी छंद.

५.१३ उपक्रम

(अ) तुमच्या गावात ‘-ईण’ प्रत्यय लागलेले किमान दहा शब्द ऐकून टिपा. प्रत्येक शब्दापुढे त्या स्त्रीला नावाबरोबर काम आणि अधिकार मिळतो की केवळ मान, ते लिहा.

(आ) धर्मकार्य करणाऱ्या कोणत्याही कुटुंबातील स्त्रीशी तिच्या परवानगीने बोला. ते घर पाळकाचे असो, कीर्तनकाराचे असो, गुरवाचे असो की मौलवींचे. धर्म कोणताही चालेल. तिचा एका दिवसाचा कार्यक्रम तिच्याच शब्दांत लिहून काढा आणि त्यातील कोणत्या कामाची नोंद अन्यत्र कोठे होते, ते शोधा. ही टिपणे अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्राला घेऊन या. त्यांत तुमच्या आईची किंवा सासूबाईंची दिनचर्या सापडली, तरी आश्चर्य वाटू देऊ नका. तीही वाचून दाखवा.